गोंदियाचं स्थळ

महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या हातात एक यादी पडायची. एचआयव्हीची औषधं जिथे मिळतात त्या सरकारी केंद्रात मी घरभेटीचं काम करायचे. जे लोक औषध न्यायला आले नाहीत त्यांची नावं त्या यादीत असत, आणि कागदोपत्री त्यांना ‘हरवलेले’ म्हणत. या शब्दाची मला चीड होती. हरवलेले कसले? बायका तर मुळीच नाहीत. बायका आपापल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायच्या. घराबाहेर पडायला निमित्त उरलं नाही, एवढंच त्यांचं झालेलं असायचं. पण ‘निमित्त संपलं’ असा रकाना त्या कागदात नव्हता. रकाने चारच होते: परत आली, गाव सोडलं, पत्ता चुकीचा, मृत.

मराठी आडनाव दिसलं की ते घर माझ्याकडे यायचं. भिलाईत आमची मराठी घरं पुष्कळ. स्टील प्लांटमुळे, रेल्वेमुळे विदर्भातून आलेली आणि इथलीच होऊन गेलेली. मीही त्यातलीच. दारात मराठी बोललं की लोक चप्पल काढायच्या आधी खुर्ची पुढे करतात, हे आमच्या साहेबांना बरोबर ठाऊक होतं.

नियम एकच, पण पक्का: कशासाठी आलो ते घरात कुणालाही कळता कामा नये. आईला नाही, बापाला नाही. ज्याचं दुखणं त्याच्याच कानात बोलायचं. तशी सही करून दिली होती मी, आणि हा नियम मला मनापासून पटत होता. एका तोंडातून निघालेल्या गोष्टीने बाईचं अंथरूण अंगणात गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर त्या महिन्यात यादीत भिलाईतल्याच रिसाली भागातली एक मुलगी होती. मुलगीच म्हणते, वय तिशीच्या आतलं. नवरा वारल्यावर सासरच्यांनी दोन बॅगांसह माहेरी आणून सोडलेली. आधी नियमाने औषध न्यायची, मग तीन महिने आलीच नाही. मी पत्ता शोधत गेले. प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाने हौसेने बांधलेलं घर, दारात पेरूचं झाड, व्हरांड्यात बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि फोटोखाली पेपर वाचत बसलेले स्वतः काका. शिफ्ट सुटली तरी ड्यूटी सुटत नाही काही माणसांची. कोण आलं, कोण गेलं, सगळी नोंद त्या खुर्चीतून.

मी ‘जयभीम’ केला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘कोन पायजे?’’

मी सहसा महिला मंडळाचं नाव सांगायचे. ते ओठावर आलंच होतं, तेवढ्यात आतून तिची आई हात पुसत बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खांद्यावरची पिशवी पाहिली, आणि एकदम तोंडभर हसली.

‘‘या न ताई, या! स्थळ घेऊन आल्या ना? मी कवाची वाट पाहून राहिली.’’

आता काय बोलणार? आमच्यात मध्यमवयाची बाई, मराठी बोलणारी, हातात पिशवी, ओळखपाळख नसताना दारात आली तर ती दोनच कामांनी येते. एक तर विहाराची वर्गणी, नाहीतर पोरीचं स्थळ. पावतीबुक माझ्याकडे नव्हतं. मी मान हलवली. काकांनी पेपरची घडी केली आणि स्वतः उठून खुर्ची दिली.

‘‘कोठचं?’’

‘‘गोंदियाचं,’’ मी म्हटलं. गोंदिया का, ते मला आजही सांगता येणार नाही. गाडीने जवळ आहे, म्हणून असेल.

पोहे आले. पोह्यांची प्लेट घेऊन ती मुलगीच आली. मला पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. केंद्रात मी तिच्या गोळ्या मोजल्या होत्या; माझा चेहरा ती विसरणार कशी? मी घाईघाईने म्हटलं, ‘‘मुलीशी जरा एकटं बोलायचं होतं. आजकाल मुलाकडचे मुलीची मर्जी विचारतात.’’

‘‘बोला न,’’ आई काकांकडे पाहत म्हणाली. ‘‘मांगं अंगनात बसा दोघी. इथं याइचा रेडिओ असते.’’

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून ती पदर तोंडात कोंबून रडली. म्हणाली, शिवणक्लास होता तोवर बरं होतं. क्लासला जाते सांगून दवाखान्यात यायची. क्लास संपला, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, आणि बाहेर पडायचं दार बंद झालं. बाबा कुठेही एकटं सोडत नाहीत, स्वतः स्कूटरवर नेतात आणि फाटकाशी उभे राहतात. गोळ्यांची डबी घरात आहे, लेबल खरडून काढलं आहे, ‘पाळीच्या गोळ्या’ म्हणून सांगितलं आहे. बाईच्या दुखण्याचं नाव घेतलं की बाबा पुढे विचारत नाहीत.

‘‘आईला सांग,’’ मी म्हटलं. ‘‘आई चांगली दिसते तुझी.’’

‘‘आईले समजलं तर आई मरून जाईन ताई,’’ ती म्हणाली. ‘‘तिले वाटते जवाई टीबीनं गेला. तिले तसंच राहू द्या. तुमाले माझी शपथ हाय.’’

मग जे झालं ते असं की त्या खोट्यानेच आमचं काम सोपं केलं. पुढच्या महिन्यात मी सरळ गेले आणि सांगितलं, मुलाची मावशी दुर्गला आली आहे, मुलीला पाहायचं म्हणते. काकांनी फक्त विचारलं, ‘‘मी येऊ का?’’ आई आतूनच ओरडली, ‘‘तुमी कायले जाता? बायाबायाइचं हाय!’’ आम्ही दोघी ऑटोने निघालो. केंद्रात जाऊन औषध घेतलं, रक्त दिलं. येताना तिने चौकात गुपचूप खाल्ले, पाणीपुरीला इकडे गुपचूप म्हणतात, आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा खूप हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. गालाला खळी पडायची.

असे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत गोंदियाचा मुलगा आम्ही दोघींनी मिळून घडवला. घरी जाऊन काहीतरी सांगावं लागायचं, म्हणून ऑटोत बसून ठरवायचो. शाळेत क्लार्क. उंची बेताची. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. आई कडक आहे, म्हणून निर्णयाला वेळ लागतो. एकदा ती म्हणाली, ‘‘ताई, त्याले वांग्याची भाजी आवडत नाही असं सांगा. मलेबी आवडत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘वा, म्हणजे पसंत पडला तर!’’ ती लाजली. खरंच लाजली. मग रिसाली येईपर्यंत ऑटोबाहेर पाहत राहिली. मला माझी जीभ चावून टाकावीशी वाटली.

पण औषध लागू पडत होतं. वजन वाढलं, तोंडातले फोड गेले, चेहऱ्यावर तकाकी आली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं सांभाळा, मग तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम देता येतील. नवीन धोरण आहे. धोरण चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त ज्या बाईला दर महिन्याला येता येत नाही तिला तीन महिन्यांची सोय हवी असते, आणि ती सोय मिळायची दर महिन्याला येऊन दाखवणाऱ्या बाईला. हे मी एका मीटिंगमध्ये बोलले तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, भावुक मत होइए.’’

इकडे त्या घरात मात्र माझा जीव कात्रीत सापडला होता. मी गेले की आई ओवाळायचीच बाकी ठेवायची. बसायला नवीन चादर. कधी अनारसे, कधी कांद्याची भजी. काकांच्या समोर बसून मला खोदून विचारायची, ‘‘मंग काय म्हनते मुलाची माय? कवा येते पाहाले?’’ मी काहीबाही सांगायचे आणि ती काकांकडे वळून म्हणायची, ‘‘आयकलं ना? धीर धरा म्हनते.’’ एकदा तिने कपाट उघडलं आणि पांढरी साडी दाखवली. आमच्यात लग्नाला मुलगी पांढरी नेसते. बारीक जरीचा काठ होता. ‘‘घेऊन ठेवली,’’ ती म्हणाली, ‘‘वेळेवर धावपळ नोको.’’

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. एका आईला मी आशा लावून ठेवली होती, तीही नसलेल्या पोराची. माझा स्वभाव तसा तापट. दुसऱ्यावर चिडता आलं की मला हलकं वाटतं, पण इथे चिडायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो माझ्या कपाळी बसला असता तर चाललं असतं. ती साडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी मुलीशी बोलले. म्हटलं, हे नाटक आता पुरे, तुझ्या आईचे हाल मला पाहवत नाहीत. दुसरं काही निमित्त काढू. ब्यूटी पार्लरचा कोर्स, कम्प्यूटर, काहीही. ती म्हणाली, ‘‘तुमाले जसं बरं वाटीन.’’ मला बरं वाटेल तसं! हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आता कानातून जात नाही.

पुढच्या खेपेला मी व्हरांड्यात बसून, पाण्याचा ग्लास हातात घेऊन, सांगून टाकलं, ‘‘गोंदियाकडून नकार आला.’’

काकांनी चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसत राहिले. आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलत होते. ‘‘नकार? कावून पन? तुमी... तुमी अजून एखांदं पाहा न ताई. गोंदिया नाही तर बालाघाट पाहा. राजनांदगाव पाहा. कोनतंबी आना. पन येत जा.’’

मी म्हटलं, ‘‘बघते.’’

‘‘येत जा ताई,’’ ती फाटकापर्यंत आली. ‘‘खाली हातानं आल्या तरी या.’’

मला वाटलं, बिचारी किती भोळी. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. खोटं संपवलं होतं ना!

पार्लरचा कोर्स काकांनी एका वाक्यात उडवला: ‘‘लोकाइचे केस कापाले पोरगी नाही पाठवत मी.’’ हे मला कसं कळलं? तिच्याच मेसेजवरून. तो तिचा शेवटचा मेसेज. मग तिचा मोबाइल बंद झाला; बिघडला की काढून घेतला, मला कळलं नाही. त्याच सुमाराला केंद्रातली घरभेटीची पद्धत बंद झाली. आता घरी जायचं नाही, फोन करायचा. तीन वेळा करायचा आणि नाही उचलला तर खूण करायची. कम्प्यूटरवर पिवळा रंग यायचा. तिच्या नावापुढे दुसरा नंबर होता तो काकांचा. मी लावला. ‘‘कोन?’’ काकांनी विचारलं. मी फोन ठेवला. तीनदा लावला, तीनदा ठेवला. पिवळा रंग आला.

मला जाता आलं नसतं का? रविवारी सुट्टी होती. ऑटोने जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. कोणत्याही साहेबाने माझे पाय बांधले नव्हते. मीच म्हणायचे, नकार सांगून आले, आता कोणत्या तोंडाने जाऊ? पुढच्या रविवारी जाऊ. मग त्याच्या पुढच्या. धोरणाला शिव्या मी भरपूर दिल्या आहेत आणि पुढेही देईन, पण ते रविवार माझे होते.

जवळजवळ वर्ष झालं. एके सकाळी वॉर्डातून केंद्रात निरोप आला की तुमची एक जुनी पेशंट भरती आहे, मेंदूचा टीबी. मी गेले. कॉटवर ती होती. खळी पडायची तो गाल आत गेलेला. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर पहिलं काय विचारलं असेल?

‘‘आईले समजलं का?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘टीबी म्हणून सांगितलंय.’’

तिने डोळे मिटले. समाधान झाल्यासारखे मिटले. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा काका कागदांवर सह्या करायला गेले होते आणि आई बाकावर एकटी बसली होती. मी शेजारी बसले. मला वाटलं आता ही माझ्या गळ्यात पडून रडेल. ती रडली नाही. हातातल्या पिशवीतून तिने ती लेबल खरडलेली डबी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

‘‘मी रोज पाहो ताई,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगी आंघोळीले गेली का मी डबी खोलून पाहो. गोळ्या राहेत. कमीबी होत. मंग मले वाटे, घेऊन राहिली, म्हंजे आनते कोठून तरी. तुमीच देऊन राहिल्या असान.’’

मी डबी उघडली. आत गोळ्या होत्या. पांढऱ्या, मोठ्या. कॅल्शियमच्या. मेडिकलमध्ये कुणालाही मिळतात त्या. आई-बाबांनी विचारू नये की पाळीच्या गोळ्या बंद का झाल्या, म्हणून पोरीने डबी भरून ठेवली होती आणि रोज एक खात होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘‘काकू,’’ मी विचारलं, ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘जवाई गेला त्याच दिवशी,’’ ती म्हणाली. ‘‘तिच्या सासूनं फोनवर सांगतलं. मी याइले नाही सांगतलं, पोरीले नाही सांगतलं. तिनं झाकून ठेवलं त मी कायले उघडू? अन् तुमाले त मी फाटकातच वळखलं होतं. याइच्या डोळ्याचं आपरेशन झालं, तवा तुमी दवाखान्यात त्या एड्सच्या बोर्डाखाली बसून होत्या. म्हनून त मी स्थळाचं बोलली. याइच्या समोर दुसरं काय बोलू?’’

सात महिने मला वाटत होतं, मी या बाईला फसवते आहे. आणि ही बाई सात महिने, नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, माझं खोटं माझ्यापेक्षा चांगलं सांभाळत होती. भजी, चादर, साडी, सगळं काकांच्या खुर्चीसाठी होतं. पोरीला महिन्यातून एकदा फाटकाबाहेर काढण्यासाठी. आणि मी, सत्याची पुतळी, माझ्या मनाला टोचतं म्हणून ते फाटक लावून आले होते. ‘खाली हातानं आल्या तरी या’ असं ती मला विनवत होती आणि मी तिला भोळी म्हणत होते.

‘‘मला सांगायचं ना,’’ मी म्हटलं. ‘‘एक शब्द बोलला असतात तर...’’

‘‘तुमी बोलल्या का?’’ ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

माझ्याकडे नियम होता. तिच्याकडे काहीच नव्हतं, तरी तिने तोच नियम पाळला होता. एकाच घरात दोन बायका एकमेकींना वाचवण्यासाठी गप्प होत्या, आणि दोघींचंही गुपित जिच्याकडे यायला हवं होतं ती मी, पिवळा रंग बघत बसले होते.

काका येताना दिसले. तिने घाईने डबी परत पिशवीत टाकली. मग माझा हात धरला.

‘‘एक सांगा ताई. तिले मालूम होतं का? का मले सारं मालूम हाय म्हनून?’’

चार दिवसांपूर्वीचे ते मिटलेले डोळे माझ्यासमोर आले. आईला कळलं नाही या समाधानात ती गेली होती. हे मी या बाईला सांगू? की तुझी पोर शेवटपर्यंत तुझ्यापासून लपून मेली? मी एवढं खोटं बोलले होते, अजून एक बोलले.

‘‘हो काकू,’’ मी म्हटलं. ‘‘माहीत होतं तिला.’’

काका अगदी जवळ आले होते.

‘‘मंग कावून नाही बोलली माह्यासंग?’’ ती म्हणाली.